व्हिसाची वैद्यकीय तपासणी : हिशेब शुल्काचा नव्हे, सगळ्या फेरीचा

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाह्यरुग्ण कक्षापुढच्या रांगेत ताप, खोकला, विंचूदंश, शुगरच्या गोळ्या असे नेहमीचे रुग्ण असतात. अलीकडे चांदूर बाजारसारख्या गावातही त्यांच्यात अधूनमधून एक वेगळी जोडी दिसते. साठीच्या आसपासचे नवरा-बायको, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले नवेकोरे पासपोर्ट, मोबाइलवर मुलाने पाठवलेला इंग्रजी मजकूर आणि एक साधी विनंती : "पोरापाशी कॅनडाले जाचं हाये साहेब. आमी धडधाकट हावो, असं एक सर्टिफिकेट लिहून द्या."

विनंती साधी असली तरी तिचा उपयोग नसतो. व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी कोणत्याही डॉक्टरच्या सही-शिक्क्यावर चालत नाही. सरकारी रुग्णालयाच्या, अगदी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रावरही नाही. ज्या देशात जायचे आहे, त्या देशाच्या सरकारने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच ती करावी लागते. या डॉक्टरांना 'पॅनेल फिजिशियन' म्हणतात. त्यांची यादी प्रत्येक देश आपल्या संकेतस्थळावर देतो आणि वेळोवेळी बदलतो. ही केंद्रे मोठ्या शहरांत असतात. त्यामुळे वऱ्हाडातल्या माणसाला या तपासणीसाठी सहसा रात्रीची गाडी पकडावी लागते, आणि खर्चाचा खरा हिशेब तिथूनच सुरू होतो.

बहुतेक घरांत या खर्चाची चौकशी एका प्रश्नावर थांबते : "तपासणीचे किती घेतात?" तो आकडा माहीत असलाच पाहिजे, पण एकूण खर्चात तो अर्ध्याच्या आसपासच भरतो. बाकीचा पैसा जातो प्रवासात, मुक्कामात आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या चाचण्यांत. चुकीच्या वेळी केलेल्या तपासणीची मुदत संपली तर तो सगळाच पाण्यात जातो. यातला बराचसा भाग आधी विचार केला तर वाचवता येतो.

कोणाला लागते, कोणाला लागत नाही

पहिली बचत म्हणजे गरज नसलेली तपासणी न करणे. अमेरिकेला पर्यटक म्हणून, शिकायला किंवा एच-वन-बी नोकरीसाठी जाणाऱ्यांना व्हिसासाठी सर्वसाधारणपणे वैद्यकीय तपासणी लागत नाही. ती लागते कायम वास्तव्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेने जाणाऱ्यांना. विद्यार्थ्यांकडून तिथले विद्यापीठ लसीकरणाची नोंद आणि टीबीची चाचणी मागू शकते, पण ती बाब वेगळी. युरोपातल्या शेंगेन देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिसाला तपासणी नसते. त्याऐवजी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असेल तर भारतीय अर्जदाराला फक्त टीबी नसल्याचे प्रमाणपत्र लागते. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा बँकेचे कर्ज काढून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे. शिष्यवृत्ती किंवा कर्जाचा पैसा नंतर येतो, हा खर्च मात्र व्हिसाच्या अर्जाआधी घरातून करावा लागतो.

कॅनडाला थोड्या दिवसांसाठी फिरायला जाणाऱ्याला सहसा तपासणी नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीयाला, मग तो विद्यार्थी असो वा कामगार, ती लागते. तिथे स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी 'सुपर व्हिसा' आहे. जुलै २०२२ पासून या व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्याला वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा आरोग्य विमा या दोन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड राहण्याचा कालावधी आणि कामाचे स्वरूप पाहून कोणत्या चाचण्या हव्यात ते कळवतात. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्याला तपासणी चुकत नाही. तिचे नियम वेगळे असल्याने तिचा विचार पुढे केला आहे.

ही तपासणी आली कुठून?

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. व्हिसा आणि छातीचा एक्स-रे या दोन्ही गोष्टी तेव्हा नव्हत्या. रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू शोधल्याचे जाहीर केले ते आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये. एक्स-किरणांचा शोध लागायला १८९५ साल उजाडायचे होते. १८८६ मध्ये पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाईंना पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने गाठले. तेव्हा त्या अवघ्या २१ वर्षांच्या होत्या.

अमेरिकेने १८९१ च्या कायद्यान्वये येणाऱ्या स्थलांतरितांची वैद्यकीय तपासणी सक्तीची केली आणि नाकारलेल्या माणसाला परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीवर टाकला. १८९२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर तपासणी केंद्र उघडले. तिथे जिना चढून येणाऱ्यांकडे डॉक्टर काही सेकंद पाहत, खुपरीसाठी पापणी उलटून बघत आणि शंका आली की कपड्यावर खडूने खूण करत. टीबीचा समावेश नकाराच्या कारणांत १९०७ मध्ये झाला. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला परत पाठवण्यापेक्षा तो निघण्याआधीच त्याची तपासणी करणे सगळ्यांच्याच सोयीचे होते. हळूहळू तपासणी प्रवाशाच्या मायदेशात आली आणि तिचा खर्चही प्रवाशाच्या खिशावर आला.

आजही या तपासणीच्या केंद्रस्थानी टीबीच आहे. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे भारतातून जाणाऱ्याचा छातीचा एक्स-रे जवळपास सगळेच देश मागतात. कारणे मात्र काळाप्रमाणे बदलतात. एचआयव्हीबाधितांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती. ती ४ जानेवारी २०१० पासून उठली.

तपासणीत काय काय असते

ओळख पटवणे, आजारांचा इतिहास, उंची-वजन, रक्तदाब, नजर आणि संपूर्ण शारीरिक तपासणी हा सर्वत्र समान भाग. चाचण्या वय आणि देशानुसार ठरतात. कॅनडासाठी साधारणपणे पाच वर्षांपुढे लघवी, अकरा वर्षांपुढे छातीचा एक्स-रे आणि पंधरा वर्षांपुढे एचआयव्ही व सिफिलिससाठी रक्त तपासतात. मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची चाचणीही केली जाते. अमेरिकेच्या कायम वास्तव्यासाठी पंधरा वर्षांपासून पुढे एक्स-रे. दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची 'इग्रा' ही टीबीच्या संसर्गासाठीची रक्तचाचणी होते. बीसीजी लस घेतली असली तरी या चाचणीचा निकाल त्यामुळे बिघडत नाही. ब्रिटनसाठी अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, पण डॉक्टर त्यांना पाहतात.

मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून व्हिसा नाकारतात, हा गावोगावचा समज चुकीचा आहे. पाहिले जाते ते आजार आटोक्यात आहे का आणि त्याने मूत्रपिंड, हृदय यांना इजा झाली आहे का. आटोक्यात नसेल तर आणखी चाचण्या, तज्ज्ञाचा अहवाल आणि पुन्हा एक फेरी मागे लागते. म्हणजे नकारापेक्षा विलंबाची आणि खर्चाची शक्यता अधिक.

वहीत मांडायचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. शिरजगाव कसब्याकडचे एक संत्रा बागायतदार जोडपे. ते बासष्टचे, त्यांना रक्तदाब. त्या अठ्ठावन्नच्या, त्यांना मधुमेह. मुलगा कॅनडात आहे. इंग्रजी बोलता येणारा पुतण्या सोबत नेणार आहेत. पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष शुल्क प्रत्येक केंद्राचे वेगळे असते आणि ते फोन करून विचारून घ्यावे.

समजा, शुल्क माणशी ८,००० रुपये, दोघांचे १६,०००. तिघांचा मुंबईचा जाण्यायेण्याचा रेल्वे प्रवास ६,०००. दोन रात्रींचा मुक्काम ४,०००. जेवण, टॅक्सी, रिक्षा ३,०००. फोटो, झेरॉक्स आणि गावातल्या पूर्वतपासण्या १,०००. बेरीज झाली ३०,०००. यात शुल्काचा वाटा निम्म्याहून थोडाच जास्त.

आता बहुतेक जण विसरतात ती ओळ : राखीव रक्कम. एखादी चाचणी पुन्हा करावी लागली, तज्ज्ञाकडे पाठवले, तर शुल्काच्या निम्मे, म्हणजे ८,००० रुपये धरावेत. त्यासाठी मुंबईची आणखी एक फेरी, म्हणजे प्रवास, मुक्काम आणि जेवणखाण मिळून १३,०००. राखीव रक्कम झाली २१,००० आणि एकूण ५१,०००. ज्या १६,००० रुपयांची चौकशी करून घरचे निर्धास्त झाले होते, ते या आकड्याच्या तिसऱ्या भागापेक्षाही कमी आहेत. राखीव रक्कम वापरावी लागली नाही तर ती विमानाच्या तिकिटात घालता येते. मात्र ती बाजूला काढलेलीच नसेल, तर ऐनवेळी कोणाकडे तरी हात पसरावा लागतो.

फोनवर विचारायचे प्रश्नही वहीत लिहून ठेवावेत. शुल्कात एक्स-रे, रक्त, लघवी सगळे धरले आहे का? फेरतपासणीचे वेगळे किती? थुंकीची तपासणी लागली तर किती? लसी त्याच ठिकाणी घ्याव्या लागतात का आणि त्यांचे दर काय? पैसे रोख चालतात की कार्ड, यूपीआय? एका दिवसात काम होते की दोन? एकाच देशाची दोन-तीन केंद्रे असतील तर प्रत्येकाला हे विचारून तुलना करावी. स्वस्त केंद्र दूरच्या शहरात असेल तर प्रवासाचा खर्च धरूनच ते खरेच स्वस्त आहे का ते ठरवावे. हा खर्च आरोग्य विम्यातून सहसा परत मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

सुपर व्हिसाच्या विम्याचा खर्च या ५१,००० मध्ये धरलेला नाही. वय आणि जुने आजार यांनुसार विम्याचा हप्ता चढतो आणि तो तपासणीच्या कितीतरी पट होऊ शकतो. अर्जासोबत विम्याचे नुसते दरपत्रक चालत नाही, पैसे भरल्याचा पुरावा लागतो. व्हिसा नाकारला गेला तर हप्ता परत मिळेल का, हे मुलाने विमा घेण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावे. मधुमेह, रक्तदाब विम्याच्या अर्जात लपवू नयेत. तपासणीच्या कागदांत ते नोंदले जातात आणि पुढे दावा करताना ती लपवाछपवी अंगाशी येते.

वेळ चुकली की पैसा गेला

प्रत्येक तपासणीला मुदत असते. कॅनडाची तपासणी साधारण १२ महिने, ब्रिटनचे टीबी प्रमाणपत्र ६ महिने आणि अमेरिकेच्या कायम वास्तव्याची तपासणी सहसा ६ महिने ग्राह्य असते. ही मुदत व्हिसा मिळाल्यापासून नव्हे, तपासणीच्या वेळेपासून मोजतात. उत्साहाने सगळ्यांत आधी तपासणी उरकणाऱ्यांच्या बाबतीत पुढे कागद अडतात, मुदत संपते आणि तोच खर्च दुसऱ्यांदा होतो.

उलट फार थांबूनही चालत नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी अर्ज केल्यावर तपासणीची सूचना येते आणि ती आल्यापासून ३० दिवसांत तपासणी करावी लागते. बोटांच्या ठशांसाठीही तशीच ३० दिवसांची मुदत असते. दोन्ही सूचना जवळपास आल्या तर एकाच फेरीत दोन्ही कामे बसवावीत; एका फेरीचे पैसे सरळ वाचतात. तिकडे कायम स्थायिक होण्यासाठी एक्स्प्रेस एन्ट्रीतून अर्ज करणाऱ्यांना मात्र ऑगस्ट २०२५ पासून तपासणी अर्जाआधीच करावी लागते. म्हणून आपल्या प्रकाराचा नियम आधी वाचावा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

बागायतदाराच्या हातात पैसा बहाराप्रमाणे येतो. आंबिया बहाराची संत्री पावसाळा सरल्यावर आणि मृगाची उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात जातात. अर्ज भरण्याची तारीख या हिशेबाने ठरवली तर ३० दिवसांची मुदत आणि रिकामा खिसा यांची गाठ पडत नाही.

सर्वांत मोठा विलंब होतो तो थुंकीच्या तपासणीमुळे. एक्स-रेमध्ये शंकास्पद डाग दिसला तर लागोपाठ तीन दिवस सकाळची थुंकी द्यावी लागते आणि ती संवर्धनासाठी, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहण्यासाठी, ठेवली जाते. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. त्यामुळे अंतिम अहवालाला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात आणि तोवर प्रमाणपत्र मिळत नाही. सप्टेंबरमध्ये ज्याचे कॉलेज सुरू होणार, त्याने ऑगस्टमध्ये एक्स-रे काढणे म्हणूनच धोक्याचे. विमानाचे तिकीटही तपासणी पार पडल्याशिवाय काढू नये. काढायचेच तर पैसे परत मिळणारे काढावे.

लसींचा हिशेब

अमेरिकेला कायमचे जाणाऱ्या कुटुंबांना वयानुसार ठरलेल्या लसींची नोंद दाखवावी लागते. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची एमआर लस आहे. महाराष्ट्रात तिची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. अमेरिका मागते ती एमएमआर, म्हणजे गालफुगीसह. कांजिण्यांची लसही सरकारी यादीत नाही. त्यामुळे सरकारी केंद्रात सगळ्या लसी वेळेवर घेतलेल्या मुलालाही या दोन लसी विकत घ्याव्या लागू शकतात. लसीऐवजी काही आजारांसाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी चालते. ती लसीपेक्षा स्वस्त पडते की महाग, हे आधी विचारावे.

जिवंत विषाणूंच्या दोन लसी एकतर एकाच दिवशी किंवा किमान चार आठवड्यांच्या अंतराने देतात. जिवंत लस घेऊन लगेच दुसऱ्या आठवड्यात इग्राची चाचणी केली तर निकाल बिघडू शकतो. तीही त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांनंतर करावी. गरोदरपणात जिवंत लसी देत नाहीत. त्यामुळे लसींचे वेळापत्रक तपासणीच्या दोन महिने आधी डोळ्यांखालून घातलेले बरे.

बाळाचे लसीकरण कार्ड हरवले असेल तर निराश होऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदीवरून माहिती मिळू शकते. पुष्कळ कार्डांवर मुलाचे नावच नसते, 'अमुकचे बाळ' एवढेच लिहिलेले असते. पासपोर्टवरचे नाव आणि जन्मतारीख यांच्याशी ते जुळवून घेण्याचे काम गावातच, घाई नसताना करून घ्यावे. ज्या लसीचा पुरावा नाही ती पुन्हा घ्यावी लागू शकते आणि तिचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

निघण्याआधी गावात काय करावे

महिनाभर आधी रक्तदाब, साखर, लघवी आणि क्रिएटिनिन जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावे. तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त असेल तर गोळ्या सुधारायला वेळ मिळतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, घरात कोणाला टीबी झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर थुंकी आधीच तपासावी. ती सरकारी यंत्रणेत मोफत आहे. एखाद्याला पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर उपचार पूर्ण केल्याचे कागद आणि जुने एक्स-रे शोधून सोबत न्यावेत. जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवला की डाग जुना आहे का, हे डॉक्टरांना ताडता येते. तरी थुंकीची तपासणी टळेलच असे नाही.

नेहमीच्या गोळ्या तपासणीच्या दिवशीही घ्याव्यात. केंद्राने सांगितल्याशिवाय उपाशीपोटी जाऊ नये. 'रक्त तपासायचे म्हणजे उपास' या समजापायी गोळी चुकवून, रात्रभर गाडीत जागून, पहाटे स्टेशनवरून थेट केंद्रात पोचलेल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला दिसला तर नवल नाही. रेल्वेत स्वच्छतागृह टाळण्यासाठी पाणी न पिणाऱ्या बायकांची लघवी गढूळ आणि क्रिएटिनिन किंचित वाढलेले येऊ शकते. म्हणून आदल्या दिवशी पोचून रात्रभर झोप घ्यावी. एका रात्रीच्या लॉजचे पैसे दुसऱ्या फेरीपेक्षा कितीतरी कमी असतात. मासिक पाळी सुरू असताना लघवीची तपासणी टाळून तारीख पुढे घ्यावी. लघवीत रक्त दिसले की चाचणी पुन्हा करावी लागते. गरोदर स्त्रीने एक्स-रेआधी तसे सांगावे. तो पुढे ढकलायचा की पोटावर संरक्षक आवरण ठेवून काढायचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते.

पिशवीत मूळ पासपोर्ट, तपासणीची सूचना आणि त्यावरचा क्रमांक, फोटो, चष्मा, चालू गोळ्यांची यादी, बायपास, मोतीबिंदू अशा शस्त्रक्रियांचे कागद आणि लसींची नोंद असावी. यातला एखादा कागद घरी राहिला की शंभर-दोनशे रुपयांच्या झेरॉक्सची बचत हजारोंच्या फेरीत जाते.

आखाताचा हिशेब वेगळा

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन या देशांच्या नोकरीसाठीची तपासणी पूर्वी 'गामका' नावाने ओळखली जाई. आता तिची नोंदणी 'वाफिद' या ऑनलाइन व्यवस्थेतून होते. नियम कडक आहेत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी आढळला तर उमेदवार 'अनफिट' ठरतो. एक्स-रेवरचा जुन्या टीबीचा डागही अडथळा ठरू शकतो. तिथे पोचल्यावर निवास परवान्यासाठी पुन्हा तपासणी होते आणि तेव्हा काही निघाले तर परत पाठवतात. इथे 'सेटिंग' करून मिळवलेले 'फिट' तिथे टिकत नाही. एजंटाला दिलेले पैसे, तिकीट आणि सोडलेली इथली मजुरी, सगळेच बुडते.

म्हणून कर्ज काढण्याआधी, बायकोचे डोरले गहाण ठेवण्याआधी हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही आणि छाती तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयाच्या समुपदेशन केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि निकाल गुप्त राहतो. तपासणीचे पैसे मालक देणार, एजंट की उमेदवार, हे लेखी घ्यावे. परवानाधारक भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. परवाना खरा आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. दहावी न झालेल्या कामगारांना या देशांत जाण्याआधी परवानगी आणि प्रवासी भारतीय विमा योजना आवश्यक आहे. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते.

डाग निघालाच तर

इतका हिशेब करूनही एखाद्याच्या एक्स-रेवर डाग निघतो, थुंकीत जंतू सापडतो. घरावर आभाळ कोसळते. तिकीट, कॉलेज, नोकरी सगळे डोळ्यांसमोर तरळते आणि कुठल्या तरी एजंटाकडून दुसरा एक्स-रे मिळवण्याचा विचार डोकावतो. तो मनातून काढून टाकावा. अहवाल केंद्राकडून थेट त्या देशाकडे जातो आणि लबाडी उघडी पडली तर पुढचे सगळे रस्ते बंद होतात.

साधा, औषधांना दाद देणारा टीबी सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. औषधे सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात. पोषणासाठी दरमहा दिले जाणारे ५०० रुपये १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. अमेरिकेसारखे देश ठरावीक केंद्राच्या देखरेखीखालीच घेतलेला उपचार मान्य करतात. म्हणून पहिली गोळी घेण्याआधी पॅनेल डॉक्टरांना विचारावे, मात्र उपचार लांबवू नये. उपचार पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी होते आणि व्हिसाचा मार्ग मोकळा होतो. सहा महिने उशीर झाला, एवढाच तोटा. निदान न होता तोच आजार घेऊन परमुलखात, भाषा न कळणाऱ्या डॉक्टरासमोर, सुनेच्या किंवा होस्टेलच्या खोलीत खोकत बसण्यापेक्षा तो कितीतरी लहान आहे. घरात नातवंड असेल तर त्यालाही त्याचा संसर्ग टळलेला असतो.

वयाच्या साठीपर्यंत एकदाही रक्त-लघवी न तपासलेली अनेक माणसे वऱ्हाडात आहेत. शेतीचा हंगाम, लेकीचे लग्न, बोअरवेल, सगळ्याला पैसा निघतो. स्वतःच्या तपासणीला निघत नाही. अशा माणसाची पहिली पूर्ण तपासणी परदेशातल्या सरकारच्या सांगण्यावरून व्हावी, हे थोडे ओशाळवाणे आहे. पण त्यात कळलेला मधुमेह किंवा वाढलेले क्रिएटिनिन खरेच असते. व्हिसा मिळो वा न मिळो, त्या कागदांची एक प्रत घरी ठेवावी आणि परत आल्यावर गावच्या डॉक्टरांना दाखवावी. खर्च केलेल्या पैशातला तेवढा भाग कोणत्याही मुदतीने बाद होत नाही.